मुलाचं वजन वाढतंय असं वाटतंय? घरी काय मोजायचं, कुठल्या टेस्ट करायच्या आणि स्वयंपाकघरात कुठून सुरुवात करायची

आपल्याकडे गुबगुबीत पोर दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं, खात्यापित्या घरचं दिसतंय म्हणतात, आजी गाल ओढते, आणि आईने काळजीने काही बोललं की उत्तर ठरलेलं, अगं वयात आला की झडेल आपोआप. काहींचं झडतं, खोटं नाही, पण बऱ्याच जणांचं झडत नाही, आणि झडेल झडेल म्हणत वाट बघण्यात सात-आठ ते बारा-तेरा ही वर्षं निघून जातात, जेव्हा खरं तर सगळ्यात कमी त्रासात सुधारणा होऊ शकते. माझ्या भाच्याच्या निमित्ताने आमच्या घरात हे सगळं झालं, तेव्हा डॉक्टरांकडे, डाएटिशियनकडे बसून जे समजून घेतलं ते इथे एकत्र लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल. पाच वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी आहे हे, त्याहून लहान बाळाचं काहीही घरच्या घरी ठरवू नका, सरळ पेडियाट्रिशियनला दाखवा.

आधी नीट मोजा

नुसतं वजन बघून काहीच कळत नाही. उंची घ्या, पण दाराच्या चौकटीला अंदाजे पेन्सिलची खूण करून नाही, बूट-चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करा आणि मग टेपने मोजा. वजन सकाळी, हलक्या कपड्यात. मग बीएमआय काढायचा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा मुलगा 10 वर्षांचा, उंची 140 सेंमी, वजन 46 किलो, तर 46 भागिले 1.4 आणि परत भागिले 1.4, आलं साधारण 23.5.

आता इथे खूप जण चुकतात, मोठ्या माणसांचा तक्ता बघतात आणि म्हणतात 25 च्या आत आहे, नॉर्मल आहे की! मुलांचं असं नसतं, वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे आकडा बदलतो. डब्ल्यूएचओच्या चार्टवर 10 वर्षांच्या मुलाचा बीएमआय 18.5 च्या वर गेला की ओव्हरवेट आणि 21.4 च्या वर गेला की ओबेसिटी, म्हणजे वरचा 23.5 वाला मुलगा मोठ्यांच्या तक्त्यात मजेत बसतो आणि मुलांच्या तक्त्यात लाल रेषेच्या वर असतो. आपल्या भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे चार्ट आहेत, 5 ते 18 वर्षांचे, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांच्या टीमचं त्यात मोठं काम आहे, आणि त्यातल्या ओव्हरवेट आणि ओबेसिटीच्या रेषा मोठेपणीच्या 23 आणि 27 बीएमआयला जुळवलेल्या आहेत कारण आपल्या लोकांना कमी वजनातच डायबेटिस गाठतो. हा चार्ट बहुतेक पेडियाट्रिशियनकडे असतो, मागून घ्या, त्यावर दर तीन-चार महिन्यांनी ठिपका मांडा. एका ठिपक्यापेक्षा ठिपके कुठल्या दिशेने चाललेत ते महत्त्वाचं. आणखी एक, साधारणपणे मुलाचा बीएमआय पाच-सहा वर्षांपर्यंत थोडा उतरतो, मूल सडपातळ दिसायला लागतं, मग परत चढतो, पण ज्याचा तीन-चार वर्षांपासूनच चढायला लागला त्याच्याकडे आत्तापासून लक्ष ठेवा.

मग टेप. शिवणकामाची साधी टेप चालते. मुलाला सरळ उभं करा, शर्ट वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा, श्वास सोडल्यावर आकडा वाचा, टेप आवळायची नाही. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. 140 सेंमी उंची असेल तर 70 च्या आत. कुठलाही चार्ट लागत नाही, कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि पोटातली चरबी, जी खरी त्रासदायक असते, तिचा अंदाज वजनकाट्यापेक्षा हा टेप जास्त चांगला देतो. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांचं वजन कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

आणि तिसरी गोष्ट मान. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत, कधी कोपराजवळ काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतोय का बघा. खूप घरांमध्ये हे मळ समजून घासलं जातं, लिंबू-साखर लावतात, उटणं लावतात, रविवारी अंघोळीला बसवून दगडाने घासतात आणि पोरगं रडत असतं, मान लाल होते पण काळेपणा जात नाही. जाणारच नाही, कारण तो मळ नाहीच. रक्तात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त फिरायला लागलं की तिथली कातडी जाड आणि काळी होते, याला अकँथोसिस म्हणतात. घासणं थांबवा आणि टेस्ट करा. वजन, पोट सुधारलं की ती हळूहळू आपोआप फिकी पडते, क्रीमची गरज नाही.

वाढलेल्या वजनाचा हार्टशी काय संबंध, एवढ्या लहान वयात?

हा प्रश्न आमच्या घरातही सगळ्यांनी विचारला. पोटात, खास करून लिव्हरमध्ये चरबी साठली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, लिव्हर ट्रायग्लिसराइड म्हणजे एक प्रकारची चरबी जास्त बनवून रक्तात सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली येतं, वाढलेल्या इन्सुलिनमुळे किडन्या मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं, आणि चढलेल्या बीपीसमोर रक्त ढकलून ढकलून हृदयाची डावी भिंत जाड व्हायला लागते. हे सगळं गुपचूप चालू असतं, मूल शाळेत जातंय, हसतंय, खेळतंय, काही दुखत नाही.

अमेरिकेत लुइझियानामध्ये बोगालुसा नावाचं गाव आहे, तिथल्या मुलांची 1970 च्या दशकापासून पिढ्यानपिढ्या तपासणी झाली. त्यातली जी मुलं, तरुण अपघाताने वगैरे गेले त्यांच्या रक्तवाहिन्या तपासल्या तेव्हा महाधमनीत आणि हृदयाच्या वाहिन्यांत चरबीचे पट्टे सापडले, आणि ज्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल असं एकापेक्षा जास्त वाढलेलं होतं त्यांच्यात ते कितीतरी जास्त होते. 1998 साली छापून आलंय हे. म्हणजे पन्नाशीत जो ब्लॉकेज दिसतो त्याची सुरुवात शाळेच्या दप्तराच्या वयात होते.

आपल्यासाठी आणखी जवळचं म्हणजे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम. 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या आया आणि बाळं ते बघत आलेत, आणि त्यांना दिसलं की आपलं बाळ जन्मतः वजनाने इंग्लंडच्या बाळापेक्षा बरंच कमी असतं पण चरबी मात्र त्या मानाने कमी नसते, स्नायू कमी आणि चरबी टिकलेली. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिननी 2004 मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! म्हणून म्हणते, आपल्या मुलाच्या बाबतीत 'दिसायला तर ठीक आहे' यावर थांबू नका, आणि जन्माच्या वेळी वजन कमी होतं म्हणून नंतर भराभर वाढवलेलं मूल असेल तर जास्तच लक्ष द्या.

आणि आता चांगली बातमी, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फिनलंडमधल्या चार अभ्यासांतल्या 6328 जणांना लहानपणापासून सरासरी 23 वर्षं बघितलं गेलं, 2011 ला निकाल आला. लहानपणी जाड असलेली पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली जी माणसं होती त्यांचा डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉलचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच होता. म्हणजे काही कायमचं कोरलं गेलेलं नाहीये. आत्ता केलेलं पुढे पूर्ण कामी येतं.

टेस्ट कुठल्या, आणि रिपोर्ट कसा वाचायचा

बीएमआय ओबेसिटीत असेल, किंवा ओव्हरवेट आहे आणि घरात आईवडील, आजीआजोबांना डायबेटिस, लवकर हार्ट अटॅक असं काही आहे, किंवा मान काळी आहे, तर डॉक्टरांना सांगून एवढं करून घ्या: उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट), आणि बीपी. साधारण 9-10 वर्षांपासून पुढे हे करतात, त्याआधी डॉक्टर ठरवतील. रात्री 8 ला जेवण, सकाळी 8 ला रक्त, मधे फक्त पाणी. सुट्टीच्या दिवशी पहिला नंबर लावा, पोरांना उपाशी ताटकळत ठेवू नका, आणि जाताना डब्यात पोळी-भाजी न्या म्हणजे लॅबच्या खालच्या बेकरीत जावं लागत नाही.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, बऱ्याच लॅब बाजूला मोठ्यांची नॉर्मल रेंज छापतात. एसजीपीटी 38 आला, बाजूला 'नॉर्मल 45 पर्यंत' लिहिलंय, आपण खूश. पण लहान वयात मुलींचा 22 आणि मुलग्यांचा 26 च्या वर गेला की जास्त धरतात, वजनदार मुलात असं असेल तर फॅटी लिव्हरचा विचार करावा लागतो. ट्रायग्लिसराइडचंही तसंच, मोठ्यांना 150 पर्यंत चालतं, पण 10 ते 19 वयात 90 च्या आत हवं आणि 130 च्या वर म्हणजे जास्त. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 110 च्या आत चांगलं, 130 पासून जास्त. एचडीएल 45 च्या वर हवं, 40 च्या खाली म्हणजे कमी. उपाशी साखर 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी. आणि हे दुर्मिळ आहे असं समजू नका, 2016-18 मध्ये भारत सरकारने केलेल्या मुलांच्या पोषण सर्वेक्षणात शाळेच्या वयाच्या आणि किशोर वयाच्या साधारण दहातल्या एका मुलात प्रीडायबेटिस निघाला होता, आणि त्यात बारीक मुलंही होती.

बीपीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथे फार गोंधळ होतो. भाच्याचं बीपी एका ठिकाणी घेतलं, पोरगं जिने चढून आलेलं, टेबलावर पाय लोंबकळत बसवलं, लहान मुलांचा म्हणून छोटा पट्टा दंडाला कसाबसा गुंडाळला, वेल्क्रो नीट चिकटतही नव्हता, आणि वरचा आकडा आला 138. ताई घाबरली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटं शांत बसवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, उजवा हात टेबलावर, मोठ्यांचा पट्टा लावला, आणि तीनदा मोजलं तर 120 च्या आसपास. पट्टा छोटा पडला की बीपी खोटं जास्त येतं. आतली रबराची पिशवी दंडाच्या घेराच्या किमान 80 टक्के तरी भरली पाहिजे, तेव्हा वयावर नाही, दंडावर पट्टा ठरतो, आणि हे सांगायला लाजू नका. 13 वर्षांपुढे 120/80 च्या वर लक्ष ठेवायचं आणि 130/80 पासून बीपी जास्त धरतात, त्याहून लहान मुलांचं वय-उंचीच्या तक्त्यावरून डॉक्टर बघतात. एकदा जास्त आलं म्हणजे बीपी झालं असं नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा बघावं लागतं.

थायरॉईड सगळ्यांनाच आठवतो. 'थायरॉईड असेल, गोळी चालू केली की उतरेल.' बहुतेक वेळा तसं नसतं, वजनामुळे टीएसएच (थायरॉईडच्या टेस्टमधला आकडा) थोडा वर गेलेला असतो आणि वजन सुधारल्यावर खाली येतो. साधी खूण म्हणजे उंची: खाण्यापिण्यामुळे वजन वाढलेली मुलं बहुधा वर्गात उंचही असतात. वजन वाढतंय पण उंची अडलीये, तर मात्र हार्मोनचं काहीतरी असू शकतं, वेळ घालवू नका. तसंच रात्री मोठ्याने घोरणं, मधेच श्वास थांबणं, दिवसा पेंगणं, सतत तहान आणि लघवी, पोटावर जांभळे रुंद ओरखडे, सकाळी डोकं दुखून धूसर दिसणं, मुलीची पाळी महिनोन्महिने न येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे. आणि जड मूल लंगडायला लागलं, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणालं तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून तेल चोळत बसू नका, खुब्याच्या हाडाचं टोक सरकलेलं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

आता मुख्य काम: घर बदलायचं, मूल वेगळं काढायचं नाही

एकाच्या ताटात उकडलेल्या भाज्या आणि बाकीच्यांच्या ताटात बटाटेवडे, हे चालत नाही, चालणारही नाही, आणि मुलाच्या मनावर जे ओरखडे उठतात ते वेगळेच. बाबा रात्री टीव्हीसमोर फरसाणाची वाटी घेऊन बसणार आणि मुलाला म्हणणार तू काकडी खा, असं कसं होईल? जे त्याला नको ते घरात आणायचंच नाही. किराण्याच्या यादीतून सुरुवात करा, जेवणाच्या ताटापासून नाही.

पहिला आठवडा फक्त प्यायच्या गोष्टी. बाकी काही हात लावू नका. कोल्ड्रिंक, पॅकमधला ज्यूस, आंब्याचं ड्रिंक, सरबताचं सिरप, साखरेचा चहा, दुधातली चॉकलेट पावडर. अडीचशे मिली कोला म्हणजे साधारण 26-27 ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे, आणि आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचनांमध्ये वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलीये, मोठ्या माणसाला. एका बाटलीत दिवस संपला. प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच जातं. दुधातल्या पावडरींचं तर काय सांगू, 'उंची वाढते' म्हणून आपण वर्षानुवर्षं घालतो, एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या विभागात ठेवू नका, तेवढं तरी लक्षात ठेवा. डब्याच्या मागे 'ऍडेड शुगर' ची ओळ शोधा. दूध नुसतं द्या, हळद घाला, वेलची घाला, सवय दोन आठवड्यांत लागते. दिवसाला दोन कप पुरे. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचं कोकम, नारळपाणी कधीतरी. फळ खायचं, फळाचा रस नको. आंब्याच्या दिवसांत आंबा खाऊ दे की, कापून, चोखून, पण दोन वाट्या साखर घातलेला आमरस आणि वर सात-आठ पुऱ्या हे रोजचं नको.

दुसरी जागा म्हणजे दुपारी चार ते सात. खरा घोळ इथेच होतो, तीन वेळच्या जेवणात नाही. मूल शाळेतून भुकेलं येतं, आई ऑफिसात, आजी घरात, आजीला काय सोपं, चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर, बिस्किटाचा पुडा, नाहीतर दोन मिनिटांचे नूडल्स. आजीला दोष देऊ नका, तिच्या हातात काय आहे ते बदला. सकाळीच मोडाची मटकी वाफवून ठेवा, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून ती दोन मिनिटांत भेळेसारखी करून देईल. धिरड्याचं पीठ भिजवून ठेवा. उकडलेलं अंडं, फुटाणे, मूठभर शेंगदाणे, कुरमुऱ्याचं भडंग कमी तेलाचं, भाजी घातलेलं थालीपीठ, सकाळची पोळी-भाजी गुंडाळून. पोटभर द्या, कंजूषी नको, चार वाजता नीट खाल्लेलं मूल सहा वाजता वडापावच्या गाडीसमोर हट्ट करत नाही. आणि आजीशी बोलताना 'तुम्ही लाड करून बिघडवलात' असं नको, 'आई, डॉक्टरांनी सांगितलंय ह्याचं लिव्हर सुजलंय, आता तुमच्यावरच आहे' असं म्हणा, ती पोलिसासारखी लक्ष ठेवेल, अनुभवाने सांगते.

डबा. जॅम-ब्रेड, चीज सँडविच केचप लावून, तळलेले फ्रोझन पदार्थ, रोज साबुदाणा खिचडी, यांना रजा द्या. पोळी-भाजीच द्या, मुलं खात नाहीत म्हणतात पण मेथीचे ठेपले, पालकाची पोळी, पनीर भुर्जी, मुगाचं घावन, दडपे पोहे भरपूर शेंगदाणे घालून, इडली-चटणी हे खातात. छोट्या डब्यात फळ. एवढंच.

जेवणात मी एकच गोष्ट सांगेन, क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी ताटात, मग उसळ किंवा वरण घट्ट, अंडं, मासा, चिकन जे घरात चालतं ते, आणि पोळी-भात नंतर. आपल्या ताटात भात-पोळीचा डोंगर, बटाट्याची भाजी, आणि वरण म्हणजे पिवळं पाणी, प्रोटीन नावालाच. वरण घट्ट करा, दुसरी वाटी वरणाची घ्यायला लावा, दुसरा भात नाही. 'अजून एक पोळी घे ना माझ्या राजा' हा आग्रह बंद. पोट भरलं म्हणालं की भरलं, ताटातलं संपवायची सक्ती नको, त्यापेक्षा आधीच कमी वाढा. जेवताना टीव्ही, मोबाईल कोणाचाच नाही, बाबांचाही नाही.

तेल मोजा. पाकीट उघडलं त्या दिवशी कॅलेंडरवर लिहा, संपलं त्या दिवशी लिहा. माणशी महिन्याला अर्धा लिटर हा चांगला ठोकताळा आहे, चौघांना दोन लिटर. सगळ्यांना वाटतं आम्ही कमीच वापरतो, मग कॅलेंडर बघून धक्का बसतो. बाहेरचं खाणं पूर्ण बंद करू नका, आठवड्यातून एकदा ठरवा, मुलालाच निवडू दे, कोल्ड्रिंकचा कॉम्बो तेवढा नको. दिवाळीत फराळ करा, खा, पण डबे महिनाभर पुरतील एवढे भरू नका.

आणि कृपा करून मुलाला उपास, कीटो, रात्रीचं जेवण बंद, नेटवरून मागवलेली वजन कमी करायची पावडर, काढा असलं काही देऊ नका. त्याची हाडं वाढतायत. जाड मुलांमध्ये पण व्हिटॅमिन डी, लोह, शाकाहारी घरात बी12 कमी असतं, डॉक्टरांना विचारून तेही बघा.

खेळ आणि झोप

डब्ल्यूएचओ म्हणतं 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शाळेचा पीटीचा तास यात धरू नका, त्यात अर्धा वेळ रांगेत जातो. जड मुलाला पळायच्या शर्यतीत ढकललं की तो शेवटचा येतो आणि परत ग्राउंडवर जात नाही, म्हणून सुरुवात अशा खेळाने करा जिथे वजन आड येत नाही, पोहणं, सायकल, बॅडमिंटन, कबड्डीत तर वजनदार गडी लागतोच! आईबाबांपैकी एकाने सोबत उतरा. सोसायटीत 'पार्किंगमध्ये खेळायचं नाही, बॉल आणायचा नाही' अशा पाट्या लावलेल्या असतात, पोरं मग जाणार कुठे, मीटिंगमध्ये उभं राहून संध्याकाळी दीड तास जागा मोकळी ठेवायचा ठराव मांडा, बाकीच्या आया साथ देतात. आणि ट्युशनमुळे रोजचा खेळ मरत असेल तर सहावी-सातवीपर्यंत तरी ट्युशन कापा, खेळ नाही, हे माझं ठाम मत आहे.

झोप लोक विसरतातच. 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास, 13 ते 18 ला 8 ते 10 तास. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोड-तळलेलंच हवं असतं. सकाळी सातची बस असेल तर नऊला दिवे बंद, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे.

बोलायचं कसं

जाड्या, ढोल्या, भोपळा, सुमो असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, काका असो, आत्या असो. मुलासमोर त्याच्या वजनाचा आकडा पाहुण्यांना सांगायचा नाही. लाज वाटलेलं मूल कमी खात नाही, लपून खातं, गादीखाली वेफर्सची पाकिटं सापडतात. मुलाशी 'बारीक हो' असं नको, 'दम कमी लागावा, लिव्हर बरं व्हावं, म्हणून आपण सगळेच हे करतोय' असं बोला. मार्क मिळाले म्हणून पिझ्झा आणि रुसला म्हणून चॉकलेट, ही देवघेव पण सोडा, सायकलवर फेरी, आवडीचं पुस्तक, मित्राला राहायला बोलवणं असं काहीतरी द्या.

शाळेचं थोडक्यात. महाराष्ट्र सरकारने मे 2017 मध्येच शाळांच्या कँटीनमधून चिप्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा-बर्गर असले पदार्थ काढायचा आदेश दिलाय, एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे, आणि सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलेत. पालकसभेत एकटीने नाही, चार-पाच जणींनी मिळून हे नियम पुढे ठेवा.

किती कमी व्हायला हवं?

बहुतेक वाढत्या मुलांना वजन कमी करायची गरजच नसते, वजन आहे तिथे थांबवलं तरी उंची काम करते. वरचाच 46 किलोचा मुलगा घ्या, दोन वर्षं वजन 46 च ठेवलं आणि उंची 152 झाली तर बीएमआय 23.5 वरून 19.9 वर येतो, म्हणजे ओबेसिटीतून ओव्हरवेटच्या काठावर, एकही किलो न घटवता. म्हणून रोज काट्यावर उभं करू नका, महिन्यातून एकदा वजन, तीन महिन्यांनी उंची आणि कंबर, वहीत लिहा. रक्ताचे रिपोर्ट बिघडलेले असतील तर डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी परत करायला सांगतात, आणि वजन फारसं हललं नसलं तरी ट्रायग्लिसराइड आणि एसजीपीटी आधी खाली येताना दिसू शकतात, तेव्हा धीर सोडू नका. फार जास्त वजन असेल, किंवा पंधरा-सोळा वर्षांनी उंची थांबत आली असेल, तर मात्र हळूहळू कमी करावं लागतं, ते डॉक्टर-डाएटिशियनच्या देखरेखीखालीच.

सहा महिने घरातल्या सगळ्यांनी प्रामाणिकपणे करूनही कंबर वाढतेच आहे, साखर किंवा बीपी वरच आहे, तर बालरोगतज्ज्ञांना सांगून मुलांच्या एन्डोक्रायनॉलॉजिस्टसाठी (हार्मोनच्या डॉक्टरांसाठी) चिठ्ठी घ्या. औषधं असतात, टाइप 2 डायबेटिसला 10 वर्षांपुढे मेटफॉर्मिन देतात, पण ते तेच ठरवणार, घरात बाबांची डायबेटिसची गोळी आहे म्हणून अर्धी मुलाला, असं अजिबात नाही, आणि हल्ली मोठ्यांच्या वजनाच्या इंजेक्शनांची जी चर्चा चालू असते त्यातलंही काही परस्पर नाही. जाताना जन्माच्या वेळचं वजन लिहिलेलं लसीकरणाचं कार्ड, शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, आईबाबांना आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांना डायबेटिस, बीपी, हार्ट काय काय आहे आणि कितव्या वर्षी सुरू झालं त्याचा कागद, आणि मागच्या तीन दिवसांत मुलाने खाल्लेलं-प्यायलेलं जसंच्या तसं लिहिलेलं पान, एवढं बरोबर न्या.